नांगर कुठे पडतो

बाबा,

कारखान्याच्या लाइनवर उभं राहून ज्यांनी आयुष्य काढलं, त्या तुम्हां सगळ्यांची आणि माझी तक्रार एकच आहे: दोष शोधायला आपल्याला सांगतात, आणि तो सापडला की आपल्यालाच गप्प बसवतात. तुम्ही गेल्यावर चाकणला किती नव्या कंपन्या आल्या, पण ही रीत तशीच आहे.

तुमच्या लाइनवर डोक्याच्या वर एक दोरी होती. वेल्डिंगमध्ये खोट दिसली की कामगाराने ती ओढायची, म्हणजे लाइन थांबते. भिंतीवर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही होतं. तुम्ही ओढलीत, तर सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, "काय राव, टार्गेट काय तुझा बाप भरणार?" त्या संध्याकाळी निघोज्याच्या भाड्याच्या खोलीत तुम्ही स्टोव्हपाशी बसून भाकरी खाताय. आई विचारते, कशाला ओढलीत? तुम्ही मान वर न करता म्हणता, "ओढूकच बांधलेली हा ना ती?" युनियनचा पुढारी म्हणून कंपनीच्या गेटवर आजवर मी जेवढी भाषणं ठोकली, ती सगळी या एका वाक्यातून निघाली आहेत.

आता आपल्या मालवणचं ऐका. तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा पर्यटकांना होडीतून नेतो, तोंडाला नळी लावून पाण्याखालचं प्रवाळ दाखवतो. त्याच्यासारख्यांना शास्त्रज्ञांनी शिकवलं, रंगांच्या छटांचं एक कार्ड दिलं. ते प्रवाळाशेजारी धरायचं आणि रंग किती उतरला ते कळवायचं. रोज पाण्यात उतरणारे हेच, म्हणून काम यांचं. अधिकार मात्र कसलाच नाही. यंदा उन्हाळ्यात पाणी तापलं आणि एक अख्खा पट्टा पांढरा पडला. मेला नव्हता, धक्का लागला नाही तर पुन्हा रंग धरेल असा होता. त्याने लगेच कळवलं. शाबासकी आली, फोटो निघाले. दुसऱ्याच दिवशी त्याच्या मालकाच्या होडीने त्याच पट्ट्यावर नांगर टाकला. प्रवाळ काडकाड मोडलं. हा म्हणाला, तरंगता बोया ठेवा, होडी त्याला बांधू. मालक म्हणाला, "तू घरी बस."

काल फोनवर मला विचारतो, "बघूचा काम माझा, मगे थांबवूचा काम कोणाचा?"

गावोगाव गर्जना करणाऱ्या तुमच्या मुलाने 'नंतर बोलतो' म्हणून फोन ठेवला. कारण आमच्या युनियनने रविवारच्या सहलीसाठी त्याच मालकाच्या होड्या ठरवल्या आहेत. कमिटीत विषय काढला तर एक जण म्हणतो, "भाऊ, आता दगडांना पण मेंबर करताय का?" मी म्हणालो, दगड नाहीत ते, जिवंत आहेत. "मग पुढच्या मीटिंगला बोलवा की त्यांना!" सगळे खो खो हसले. हीच माणसं दरवर्षी गेटजवळ एक रोप लावून फोटो काढतात, आणि मे महिन्यात त्याला पाणी घालायला कुणी नसतं. मालक वाईट असतात हे मी आयुष्यभर सांगत आलो. आपली माणसं गिऱ्हाईक झाली की कशी होतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही. खरं सांगू? गेटवर काही बोलायचं असलं की ते मी अजूनही आधी तुम्हांला लिहून दाखवतो. उद्या एवढंच बोलणार आहे: मित्रांनो, रविवारी मालवणला या, पण किनाऱ्यावरच उभे राहा. मालकाने त्या पोराला कामावर परत घेऊन बोया टाकल्याशिवाय एकानेही होडीत पाय ठेवू नका.