जीवनला मेल जात नाही

शनिवार, ८ नोव्हेंबर २००३

तुटली! सकाळपासून तिसऱ्यांदा. मोडेम किंचाळतो, खाकरतो, एकदाचा कनेक्ट होतो — आणि मेल जाताना निळी पट्टी अगदी टोकाला पोचली की कट. मेल आउटबॉक्समध्ये जशीच्या तशी. उचलून खाडीत फेकून द्यावंसं वाटतंय हे डबडं.

जीवनचं जहाज सिंगापूरला गोदीत दुरुस्तीला लागलंय. गुरुवारी त्याची मेल कशीबशी उतरली. कॅप्टन विचारतोय, अजून सहा महिने थांबतोस का? चौदा तारखेच्या आत उत्तर हवंय. 'तू सांग, राहू की येऊ?' काल त्याने फोनही केला. खरखरीत 'मेल कर' एवढंच कळलं. मी इकडून ओरडतेय, तो तिकडून. शेवटी ठेवला.

आणि मी मेलमध्ये काय लिहिलंय? 'इथे सगळं ठीक. तुझ्या मनाला येईल ते कर.' सासूबाई शेजारी बसून होत्या. त्यांचा नियम — दर्यावरच्या माणसाला वाईट कळवायचं नाही. सात वर्षं पाळतेय. पोटात गाठ घेऊन लिहितेय, सगळं ठीक!

रविवार, ९ नोव्हेंबर

नीलेश येऊन गेला. त्यानेच हा कॉम्प्युटर जोडून दिला होता. रिसीव्हर उचलून एक आकडा दाबायला लावला आणि म्हणाला, आता ऐका, लाइन गप्प असायला हवी. गप्प कसली! आत कोणीतरी शेंगदाणे भाजतंय. मग त्याने आतल्या खोलीतला पॅरलल फोन काढला, भिंतीतली वायर थेट मोडेमला लावली, स्पीड निम्म्यावर आणला. प्रत्येक खरखरीला लाइन सोडू नये म्हणून सेटिंगमध्ये कसलासा आकडाही वाढवला. मशिनमध्ये दोष नाही वहिनी, म्हणे, लाइनच खराब आहे. हे मला ठाऊक नव्हतं का?

आतला फोन काढला म्हणून सासूबाई फुगल्या. उरणहून बहिणीचा फोन आला तर त्या गादीवरून उठणार नाहीत म्हणे!

आउटबॉक्समधली तीच मेल उघडून एक वाक्य वाढवलं — 'पोट थोडं दुखतं, काळजी नको.' पाठवली. पट्टी भरली. कट.

सोमवार, १० नोव्हेंबर

तक्रार नोंदवून तीन दिवस झाले. लाइनमन नाही. मोडेमने आज तोंडसुद्धा उघडलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वीस तारखेला ऑपरेशन, उशीर नको. गाठीबरोबर पिशवीही काढावी लागेल बहुतेक. म्हणजे मूल नाही, कधीच नाही. हे सांगून झाल्यावर काउंटरवरची बाई विचारते, मिस्टर कुठेत? सही त्यांची लागेल. पोट माझं, गाठ माझी, आणि सही जीवनची! तिच्यावर ओरडले. बाकावरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

घरी येते तर लाइनमन रामू दारात. रिसीव्हर कानाला लावला, घरच्यासारखा हसला.

"बोलता येतंय ना? मग लाइन चालू हाय. इंटरनेटची कंप्लेंट आमच्याकडं नाय."

त्याला हाताला धरून रस्त्यावर नेलं. कोपऱ्यावर खणून ठेवलंय, खड्ड्यात फुटक्या नळाचं पाणी, त्या पाण्यात आमच्या अख्ख्या गल्लीच्या केबलचा जोड! त्याने तो वर काढला, पुसला, चिकटपट्टी गुंडाळली, परत तिथेच सोडला. पाण्यातच!

संध्याकाळी मेल पुन्हा उघडली. 'सगळं ठीक' खोडलं. गाठीचं लिहिलं, वीस तारीख लिहिली. पिशवीचं लिहिण्याचा धीर झाला नाही. पट्टी भरली. कट!

बुधवार, १२ नोव्हेंबर

सायबर कॅफेत गेले. त्यांचीही लाइन त्याच खड्ड्यातून येते. दुकानदार पत्ते खेळत होता.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी सगळं पुसून नव्याने लिहिलं. इंग्रजी अक्षरांत मराठी, रागात बोटं कुठेही पडत होती. लिहिलं की मला भीती वाटते. आपल्याला मूल होणार नाही, आणि हे मी तुला एका किंचाळणाऱ्या डब्यातून सांगतेय. सात वर्षं तुला खोटं लिहितेय, तुझ्या आईच्या धाकाने, आणि तूही कधी खोदून विचारलं नाहीस, कारण तुला सोयीचं होतं. ये. सहा महिने नाही, आत्ता ये.

पाठवली. भरली. कट! आणि अर्ध्या तासात खणणाऱ्यांनी खड्डा वाढवला, फोनच मेला.

मी माउस आपटला आणि सासूबाईंना नाही नाही ते बोलले. तुमच्या नियमाने माझा जीव जाईल म्हणाले. तेव्हा त्या म्हणाल्या,

"त्याच्या बापाला दुसऱ्या बोटीवरनं निरोप धाडलेला मी. जीवन तापानं फणफणलाय, ये. वारा सुटलेला, तरी बोट फिरवली त्यानं. तो आला. दोन गडी नाय आलं."

सात वर्षांत कोणी मला हे सांगितलं नव्हतं. राग गेला नाही. पण त्यानंतर त्या दोन गड्यांच्या बायकांच्या दारावरून ही बाई रोज मासळी घेऊन कशी जात असेल, हे डोक्यातून जाईना.

ठरवलं. सकाळी खारघरला जायचं, तिकडच्या लाइनी चांगल्या आहेत. जीवनला पहिलीच मेल पाठवायची — सगळं ठीक, राहा सहा महिने. ऑपरेशनच्या कागदावर माझ्या भावाची सही घेईन. बरं झालं आजची गेली नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

खारघर. कॉलेजजवळचा कॅफे. लाइन पहिल्या झटक्यात लागली. लिहायला घेण्याआधीच समोर त्याची मेल, काल संध्याकाळची —

'विनी, तुझ्या चारही मेल पोचल्या, पहिली तर तीनदा. पहिली वाचून थांबतो म्हणून सांगून आलेलो. ती आईची वाटली. चौथी तुझी. कॅप्टनकडे परत गेलो. सतराला मुंबईत उतरतो.'

काउंटरवरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, मेल गेलेली असते, ती मिळाली अशी तिकडून पोच यायच्या आत लाइन तुटते, म्हणून आपल्याकडे ती तशीच दिसत राहते.

काहीच टाइप केलं नाही. तिथेच बसून रडले.