बीचच्या झाडाखालची जमीन

१२ ऑक्टोबर
श्रमदानाचा शनिवार. सगळी वसाहत दाताळी घेऊन अंगणात. बीचच्या झाडाखालचं पान न् पान गोळा करून पिशव्यांत भरलं, मग सॉसेज आणि बीअर. जमीन पुन्हा टकलासारखी चकचकीत! अध्यक्ष प्रेबेन म्हणाला, "दरवर्षी गवत पेरतो, दरवर्षी मरतं. एप्रिलच्या सभेपर्यंत इथे हिरवं दिसलं नाही तर झाड तोडायचं. सायकलींची शेड होईल."
मी म्हटलं, "या सावलीत गवत येणारच नाही. मला करू द्या." हसले सगळे. पण हो म्हणाले.

१३ ऑक्टोबर
पिशव्या फोडून पानं परत पसरली, जंगलात असतात तशी. प्रेबेन खिडकीतून — "ग्रेथेबाई, आम्ही काल काय माशा मारत होतो?"

२ नोव्हेंबर
पानांखाली अ‍ॅनिमोनीचे कंद लावले; हे रानफूल झाडांच्या सावलीतच वाढतं. वाळक्या काड्यांसारखे दिसतात. झाडाच्या मुळांना धक्का नको म्हणून बोटांनीच उकरलं. गुडघा बोंबलतोय.

२० जानेवारी
काही नाही. अर्थात.

२४ मार्च
कोंब! पानं ढकलून वर आलेत, माना खाली घालून.
उद्या ओडेन्स शहरातल्या इस्पितळात गुडघ्याचं ऑपरेशन. झाड राहिलं काय, गेलं काय, असं मी सगळ्यांना सांगते. खोटं आहे. या अंगणात मला तेवढंच आवडतं.

७ एप्रिल
घरी आले. फाटकाशी सगळे उभे, हातात स्वागताचे छोटे झेंडे. प्रेबेनने हात धरून झाडाशी नेलं. पानं साफ! वीतभर नवी माती, तिच्यावर विकतची हिरवळ अंथरलेली, थेट बुंध्यापर्यंत.
"तुमच्यासाठी, ग्रेथेबाई! आता बघू कोण झाड तोडतंय!"
मी आभार मानले. केक खाल्ला. एवढ्या मातीखाली बीचची मुळं गुदमरतात. दोन-तीन वर्षांत झाड वाळेल.

१० एप्रिल
सभा. झाड ठेवायचं — एकमताने! टाळ्या.
मग मी उठले आणि मातीचं सांगितलं. प्रेबेनचा चेहरा पडला. "माणसाने प्रेमाने काही करावं, तर तुम्ही नावं ठेवणार." जाताना माझ्याशी कुणी बोललं नाही. वाईट वाटलं. गप्प बसले असते तर सगळे खूश होते.

११ एप्रिल
सकाळी प्रेबेन एकटाच झाडाखाली. हिरवळ गुंडाळून ठेवलेली, गुडघ्यांवर बसून हातांनी माती उपसत होता. कुबड्या घेऊन खाली गेले. मातीतून कोंब निघत होते — पिवळट, वाकडे, पण जिवंत. मला रडूच आलं.
त्याने वर बघितलं नाही. म्हणाला, "पाय कुठे ठेवू, तेवढं सांगा."