रस्त्याकडचा प्लॉट

दक्षिण सुदान
१२ एप्रिल २०२५

ती. तात्या आणि ती. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

इथले फोन दोन महिने बंद आहेत, म्हणून पत्र. आठवड्यातून एक छोटे विमान येते. त्याच्या थैलीतून हे आमच्या पुण्याच्या कचेरीत जाईल, तिथून पोस्टाने कळंबला. तुमचे उत्तर त्याच वाटेने येऊ द्या. आईने विचारण्याआधीच सांगते, मी जेवते.

आमच्या केंद्रात लहान मुलांचे दंड पट्टीने मोजतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. आईने अंगणवाडीत वीस वर्षे हेच केले, तिला जास्त सांगायला नको. लाल मुलाला शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटे देतो. दोन महिन्यांत ते पिवळ्यात येते, घरी जाते आणि पुन्हा लाल होऊन परत येते, कारण घरी ज्वारीच्या पातळ पेजेशिवाय काही नसते. अबुक नावाच्या बाईची मुलगी न्यांदेंग दीड वर्षाची आहे. ती दोनदा अशी परत आली. आज तिचा दंड ११.७ भरला. तिने तिसऱ्यांदा येऊ नये, एवढे मला हवे आहे.

म्हणून चाळीस आया मिळून भेंडी, चवळी, माठ आणि भुईमूग लावणार आहोत. रस्त्याला लागून एक एकर मिळाले आहे, जवळ हातपंप आहे. बायकांचे म्हणणे मात्र वेगळे. प्रत्येकीने आपल्या घरामागे गवतात थोडे थोडे, वेडेवाकडे टाकायचे. मला त्यात काही रीत दिसत नाही. तात्या, तुम्ही काय केले असते?

तुमची,
माधवी


कळंब, ता. इंदापूर
२९ एप्रिल २०२५

चि. माधवीस तात्याचा आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या आईनं ते तीनदा वाचलं. जेवते एवढंच लिहिलंय, काय जेवते ते लिहिलं न्हाय, अशी तिची तक्रार हाय.

तू मला शेतीतलं विचारलंस ह्याचं नवल वाटलं. भेंडी तोडताना हात खाजतात म्हणून बांधावरनं रडत घरी जाणारी पोरगी तू.

आता ऐक. रस्त्याकडचंच रान घे. तीस वर्षं मी चांगलं पीक रस्त्याकडला लावतो आन् हलकं आत. जाणारा-येणारा गाडी थांबवतो, बियाणं कुठलं विचारतो, पुढच्या साली त्याच्या रानात तेच दिसतं. सांगवीच्या पाव्हण्यांनी ठिबक आमचं बघूनच केलं. कंपनीवाले पाटी लावायला येतात तेबी रस्त्याकडचाच प्लॉट मागतात. दिसलं तर पसरतं. घरामागं गवतात लपवून पीक कोण करतं? ज्यानं बियाणं चोरलंय तो. त्या बायांना माझं नाव घेऊन सांग.

चवळी दाट टाक, पाला महिन्यात खायला येतो. भेंडीला दीड फुटाची सरी धर. सऱ्या सरळ पाहिजेत, मी बघणार न्हाय म्हणून काय झालं.

आईचा आशीर्वाद निराळा, तो ह्यात धरू नको.

तुझा,
तात्या


२ जुलै २०२५

ती. तात्या आणि ती. आई यांस,
शि. सा. न.

तुमचे नाव घेऊन सांगितले. बायका बराच वेळ आपसांत बोलल्या आणि मग कबूल झाल्या. मला वाटले, पटले. सऱ्या ओढताना त्या मला हसत होत्या, की ही भाजी आहे की कवायत.

तात्या, तुम्ही ते रान पाहायला हवे होते. चवळीचा पाला आम्ही जूनच्या मध्यापासून खुडतो आहोत. भेंडी धरली आहे. इथे भेंडीची पानेही शिजवतात. ज्वारीच्या पेजेत पाला आणि बियाण्यातून उरलेला शेंगदाणा कुटून घालून आया मुलांना भरवतात. चाळीसपैकी एकही मूल लाल झालेले नाही. न्यांदेंग १२.३ आहे. ती आता माझ्या हातातली पट्टी ओढून घेते आणि देत नाही.

आई, मी तेच जेवते. पेज आणि पाला. मीठ कमी असते.

तुमच्या पत्राची वाट पाहणारी,
माधवी


कळंब
२१ जुलै २०२५

चि. माधवीस आशीर्वाद. वि. वि.

बावड्याला लग्नाला गेलो होतो. तितं दहा जणांना तुझं पत्र वाचून दाखवलं. झुंबरची पोरगी परदेशात नोकरी करती म्हणायचे, आता झुंबरची शेती परदेशात गेली म्हणत्यात. तुझी आई म्हणाली, पुरे करा, पाव्हणं जेवायचं थांबल्यात.

शेजारच्या गावानं बघून लावलं का, ते कळव. रस्त्यानं जाणारं कोणतरी थांबलं असंलच.

तुझा,
तात्या


१० ऑगस्ट २०२५

ती. तात्या आणि ती. आई यांस,
शि. सा. न.

मी सुखरूप आहे. हे आधी लिहिते.

रस्त्याने जाणारे थांबले. २६ जुलैला बंदूकवाल्यांची एक तुकडी आली. कोणत्या बाजूची, ते मला ओळखता आले नाही. बायकांना ओळखायची गरज वाटली नाही. ते तीन दिवस रानात राहिले. भेंडी तोडून खाल्ली, भुईमूग उपटला, कुंपण जाळले आणि जाताना बरोबरची गुरे आत सोडली. कोणाला मारले नाही. सगळे मला सांगतात, हे सुदैव.

त्या दिवसापासून रस्ता बंद आहे. पाकिटांचा ट्रक चार दिवसांच्या अंतरावर उभा आहे. विमानात तेवढी जागा नसते. आमच्याकडची पाकिटे परवा संपली.

अबुक माझ्याजवळ येऊन बसली. तिने विचारले, तुझ्या वडिलांच्या गावात रस्त्याने कोण जाते. मी आठवून सांगितले, उसाच्या गाड्या, शाळेची मुले, पाहुणे, भाजीचे टेम्पो. तिने मान हलवली. ती म्हणाली, मग त्यांचे बरोबर आहे. राग नव्हता तिच्या बोलण्यात. मी विचारले, तुम्ही तेव्हाच का सांगितले नाही. ती म्हणाली, सांगितले होते, घरामागे लावू म्हणून. तू वडिलांचे नाव घेतलेस. वडिलांच्या नावापुढे आम्ही काय बोलणार.

तुम्हाला हे लिहू नये असे वाटत होते. पण दुसरे कोणी नाही.

तुमची,
माधवी


कळंब
२८ ऑगस्ट २०२५

चि. माधवीस,
आशीर्वाद.

पत्र वाचून झालं. तुझी आई उठून भांडी घासायला गेली. भांडी घासून झालेली होती.

मला रस्त्याची भीती कधी वाटली न्हाय. साठ वर्षांत एकदाबी न्हाय. म्हणून मला विचारता आलं न्हाय की तुझ्या तितल्या रस्त्यानं कोण जातं. एवढं एक विचारायचं होतं.

शेंगदाण्याची दोन पोती घेऊन पुण्याला तुमच्या कचेरीत गेलो. माणूस चांगला होता. चहा दिला. म्हणाला, काका, थैलीत फक्त कागद जातो. पोती परत आणली.

परवा दोघं जण मोटारसायकल थांबवून भेंडीचं बियाणं कुठलं विचारत होते. मी पाठ फिरवून आत रानात गेलो. म्हातारा माजलाय असं म्हणत गेले असतील.

अबुकच्या पोरीचा दंड किती हाय ते लिही. तुझी आई म्हणती, आमाला बरं वाटावं म्हणून वाढवून लिहू नको. तिला कळतं.

तुझा,
तात्या


१८ सप्टेंबर २०२५

ती. तात्या आणि ती. आई यांस,
शि. सा. न.

२५ ऑगस्टला ११.३. वाढवून लिहिलेले नाही. देण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. साखर-मिठाचे पाणी दिले आणि आठ दिवसांनी या म्हणाले.

त्यानंतरचा आकडा माझ्याकडे नाही. अबुक मुलीला पाठीशी बांधून गाव सोडून गेली. कोणत्या दिशेने, ते बाकीच्या बायकांना ठाऊक आहे. मला सांगत नाहीत. त्यांनी पुन्हा काहीतरी पेरले आहे, ते कुठे, हेही सांगत नाहीत. विचारले की हसतात आणि बसायला चटई देतात. माझी पांढरी गाडी लांबून दिसते, तिच्या मागून कोणीही येईल. मी आता चालत जाते. तरीही सांगत नाहीत.

ट्रक अजून तिथेच आहे. काल नऊ मुले आली, पहिली सात लाल. आठवे पिवळ्यात होते, मागच्या खेपेपेक्षा दोन मिलिमीटर जास्त. त्याच्या आईला विचारले, काय भरवलेस. ती म्हणाली, काही नाही. मुलाच्या हनुवटीला पाल्याचा हिरवा डाग होता. मी तो ओल्या फडक्याने पुसला आणि कागदावर लिहिले, काही नाही.

नववे मूल मोजायचे होते.

आहे तो लोभ तसाच राहू द्या.

तुमची,
माधवी