चुंबळ ठेवून धरलेली जागा

माय, तुझी चुंबळ अजून घरात आहे. जुन्या हिरव्या लुगड्याचं ते वेटोळं, भाजीच्या टोपलीखाली डोक्यावर राहून राहून चपटं झालेलं. शिरपूरच्या स्टँडवर गाडी लागली की तू ते खिडकीतून सीटवर फेकायचीस आणि निवांत टोपली चढवायला मागे जायचीस. ते उचलायची कोणाची हिंमत नव्हती. कंडक्टरच सांगायचा, "ते मायची जागा हाये, सरका तिकडं." गावातल्या जैन देवळात येणाऱ्या यात्रेकरूंना चालत नाहीत म्हणून कांदा-लसूण तू टोपलीत वेगळे झाकून न्यायचीस. एवढी धोरणी बाई तू, पण त्या चुंबळीवर तुझा जरा जास्तच भरवसा होता.

दादाने आपल्या मनाने लग्न केलं आणि बाबांनी त्याला उंबऱ्याबाहेर काढलं, त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. तो वायुसेनेत, अंदमानच्याही पुढच्या एका बेटावर. त्याचं पत्र आलं, "माय, एकदा येऊन जाय. नातू पाहून जाय." तिथे वायुसेनेचं विमान जायचं. आधी ड्यूटीवरची माणसं, मग रजेवरून परतणारी, आणि त्यातूनही जागा उरली तर घरची माणसं. दादाने तुझं आणि माझं नाव लावून ठेवलं. निघायच्या दिवशी बाबा स्वतः स्टँडवर सोडायला आले आणि गाडी हलताना म्हणाले, "त्याले सांगजो, बाप मेला नाही अजून." म्हणजे त्याला घेऊन ये. तुला ते बरोबर कळलं, तू वाशीम येईपर्यंत हसत होतीस.

चेन्नईजवळच्या तळावर आपण बाकड्यावर बसलोय. तिथे सामानाबरोबर माणसांचंही वजन करतात. तू काट्यावर उभी, पदर सावरतेस आणि म्हणतेस, "मले काय वांगे समजून राह्यले का हे?" वजन करणाऱ्या जवानाला एक अक्षर कळत नाही, पण तोही हसतो. पिशवीत मुगवड्या, कुरोड्या, नातवाची झबली. पहिल्या दिवशी आपलं नाव येत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तू बाकड्यावर चुंबळ ठेवतेस.

"मी तोंड धुऊन येतो. चुंबळ हाये, जागा कुठी जात नाही."

"माय, हे एसटी नोहे."

"मंग तू हायेस न इथं."

मी होते. तू नळाकडे गेलीस आणि थोड्याच वेळात रजिस्टर घेऊन एक माणूस बाहेर आला. एकच सीट आहे, असं तो हिंदीत म्हणाला आणि त्याने तुझं नाव पुकारलं. तीनदा पुकारलं. नळ तीसेक पावलांवर होता, तुझ्या बांगड्यांचा आवाज मला ऐकू येत होता. मी चुंबळीकडे बघत बसून राहिले. त्याने तुझ्या नावावर रेघ मारली आणि पुढचं नाव घेतलं.

एकोणीस वर्षांची होते, परक्या मुलखात एकटी मागे राहायची भीती वाटली, असंच मी स्वतःला सांगत आले. भीती होतीच, पण राग जास्त होता. मेथी मी खुडायची, जुड्या मी बांधायच्या आणि तीन वर्षं घरात नाव फक्त दादाचं. वाटलं, उद्या दोन जागा मिळतील, तेव्हा दोघी जाऊ. तू ओल्या तोंडाने परत आलीस. "आलं का वं नाव?" मी म्हणाले, "नाही आलं."

दुसऱ्या दिवसापासून हवा बिघडली. चार दिवस विमान गेलं नाही, पाचव्या दिवशी गेलं ते भरून. मुगवड्यांची पिशवी तू त्या काट्यावरच्या जवानाला दिलीस आणि आपण परतलो. दादाला फोनवर तू सांगितलंस, "नावच नाही आलं रे बाबू. चुंबळ ठेवली व्हती त." त्याच हिवाळ्यात तू गेलीस. दादा पोचला तेव्हा तुझा दहावा होऊन गेला होता. त्याने अंगणातच मला गाठलं. "मायचं नाव तीनदा पुकारलं होतं, मले तिथच्या मानसानं सांगतलं. मंग ते खोटं काहून बोलली? बाबांनीच मना केलं असन." मी टोपल्या एकात एक रचत होते, तशीच रचत राहिले. तो जेवला नाही, बाबांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर तो या घरी आलेला नाही. बाबांना कारण आजतागायत माहीत नाही.

आता बाबांना उठवत नाही. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा. गेल्या आठवड्यात त्यांनी तुझी चुंबळ मागितली आणि खाटेजवळच्या खुर्चीवर ठेवायला लावली. "पोरगा येईन त बसन कुठी? जागा धरून ठेव." मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "त्यायनं मायले अडवलं, मी नाही येत." मी म्हणाले, "बरं." दोन वाक्यं बोलायची होती, तेवढी ऐकून तो रात्रीची गाडी धरून आला असता. पण मग या खोलीत दोघांनीही माझ्याकडे पाहिलं असतं, आणि ते मला झेपणार नाही. बाबांकडे दिवस फार नाहीत, आणि मी सांगणार नाही हे मला पक्कं माहीत आहे.

म्हणून तुला लिहिते. तू उलटून काही विचारणार नाहीस, आणि हे कुठे टपालात टाकायचंही नाही. बाबांचा आत्ता डोळा लागलाय. टेकायला दुसरी जागा नव्हती म्हणून मी त्याच खुर्चीवर बसले आहे, चुंबळ मांडीवर घेऊन. ते जागे व्हायच्या आत ती परत ठेवायची आहे.