फेअर म्हणजे नक्की काय, मास्तर?

मास्तर, मला एका शब्दाचा अर्थ विचारायचा आहे आणि तुमच्याशिवाय विचारायला कुणी नाही. फेअर. मुरबाडच्या शाळेत तुम्ही तो फळ्यावर लिहिलात आणि म्हणालात, हा एक शब्द नाही रे, दोन आहेत. एक इंग्रजांच्या घरचाच, जुना. त्याचा अर्थ देखणा. त्यातूनच गोरा, निरभ्र, मग डाग नसलेला, आणि म्हणून न्यायाचा. दुसरा लॅटिनमधून फिरत फिरत आलेला. तिकडे त्याचा अर्थ सणाची सुट्टी, आणि सणाला बाजार भरतो म्हणून जत्रा. दोन गावांच्या दोन सुना एका घरात आल्या आणि सासूने दोघींचं नाव एकच ठेवलं, असं तुम्ही म्हणालात तेव्हा अख्खा वर्ग हसला. माझ्या निबंधाखालीही तुम्ही फेअर लिहिलं होतंत. मी हरखून गेलो. तुम्ही आमच्याच पडवीत राहायचात, संध्याकाळी भाकरी मोडता मोडता म्हणालात, "इथे त्याचा अर्थ बेताचा. हुरळू नकोस."

महायुद्धाचे दिवस होते, हिवतापावरचं क्विनीन मिळत नव्हतं. पौषात तुमचा ताप डोक्यात गेला, तुम्ही मला ओळखेनासे झालात. वैद्य म्हणाला, कल्याणला न्या, आत्ताच्या आत्ता. बाबा आमची गाडीची बैलजोडी विकायला म्हसा गावच्या जत्रेला गेलेले. मी धावत सुटलो. अजून धावतोच आहे असं मला कधीकधी वाटतं. जनावरांच्या गर्दीत बाबा सापडतात तेव्हा त्यांचा हात व्यापाऱ्याच्या हातातून नुकताच सुटलाय, ज्या उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरला ते अजून दोघांच्या मनगटांवर आहे, आणि बैलांच्या कपाळाला विकल्याचा गुलाल लागलाय. व्यापारी शहापूरकडचा. मी रडत सगळं सांगितलं. तो भला माणूस लगेच म्हणाला, "ने रे जोडी. मास्तराचा जीव मोठा. मी दोन दिस थांबतो हितं."

बाबा नाही म्हणाले.

"इकलेला बैल परत दारात आनत नाय. घरावर येतं. आमी दुसरी गाडी बघतो." मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला बाजूला केलं आणि अख्ख्या जत्रेत अनवाणी धावत गाडी शोधली. ज्याच्या त्याच्या हातापाया पडले. मिळाली तेव्हा उन्हं उतरली होती. तुम्ही कल्याणच्या वाटेवर, गवताच्या पेंढीवर, माझ्या मांडीवर गेलात. दवाखाना फार लांब राहिला नव्हता, मास्तर.

पुढे मीही इंग्रजी शिकवलं. कोश पाहिले, तुम्ही सांगितलेलं सगळं बरोबर होतं. पण बाबांनी केलं त्याला यातला कोणता अर्थ लावायचा ते एकाही कोशात नाही. रीत मोडली तर घर बसेल या भीतीने त्यांनी बैल नाकारले, पण जे घर वाचवायचं होतं त्यात तुमचीही पडवी होती. पुन्हा पुन्हा विचार करून डोकं फुटायची वेळ आलीये. काहीतरी सांगा हो.

बाबा आता अंथरुणाला खिळलेत. वैद्य म्हणतात, दिवस उरलेत थोडे. परवा त्यांनी विचारलं, "मास्तर मला काय म्हनलं असतं रं?" मी म्हटलं, "काय नाय म्हनलं असतं, बाबा." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "आन तू?" मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो. आज सकाळीही तेच विचारलं.

हे पत्र कुठे टाकता येणार नाही, एवढं मला कळतं. खरं सांगू? मी तुम्हाला लिहायला बसलोच नाही. आत बाबा जागे आहेत, आणि मला आत जायची भीती वाटते.