सुनेसाठी राखलेला संडास

आसेगाव, ता. मंगरूळपीर
११ मार्च १९७९

प्रिय जगदेव,

तुझं पत्र परवा मिळालं. विमलला घेऊन एप्रिलात चार दिवस येतोयस, हे वाचून बरं वाटलं म्हणू की नको, ते कळेना. माय जाऊन चार महिने झाले. पत्रात तू तिच्याविषयी एक वाक्य लिहिलंस आणि संडासाविषयी पाच. भांडं पिवळं पडू देऊ नकोस, बटण दाबून पाहा, शेजारच्यांना आत सोडू नकोस, आणखी काय काय. गावच्या शाळेत बारा वर्षं मी पोरांना पत्र लिहायला शिकवते. आधी घरच्यांची खुशाली विचारावी, एवढं सख्ख्या भावाला शिकवायचं राहूनच गेलं. वाचून राग आला तर येऊ दे. मीही आज राग आवरून लिहायला बसलेली नाही.

लग्नानंतर विमल पहिल्यांदा घरी आली आणि संध्याकाळच्या एसटीनं वाशिमला लॉजवर निघून गेली. तिचं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. लोटा घेऊन रानात जायची सवय नसते एखादीला. मग तू मनावर घेतलंस. मुंबईत त्या मोठ्या हॉटेलच्या बांधकामावर तू सुपरवायझर. तिथून संडासाच्या भांड्यांच्या चित्रांची पुस्तिका पाठवलीस आणि लिहिलंस, मायला दाखव, कोणतं आवडतं ते कळवा. मायनं ती पुस्तिका आठ दिवस उशाशी ठेवली होती. तिचे गुडघे तेव्हाच गेले होते. रानात बसली की उठायला शेजारच्या लिलाबाईचा हात लागायचा. खाली बसायच्या भांड्यांवरून तिनं बोट पुढे नेलं आणि भिंतीला टांगलेल्या त्या पांढऱ्या भांड्यावर ठेवलं. म्हणाली, "हे खुर्चीवानी हाय, हेच पाठव म्हणा त्याले. मले गुडघे मुडपाचं कामच नाही." तिला वाटलं, लेक आपल्यासाठी विचारतोय. मलाही तसंच वाटलं.

हॉटेलात एक नग जास्तीचा आला होता, तो तू ट्रकनं मंगरूळपर्यंत धाडलास. तिथून तो बैलगाडीत, कडब्यावर निजून आला. तांड्यावरच्या सोमला मिस्त्रीनं भांडं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे मातीच्या भितीले लटकवलं तं भीतच अंगावर येईन." म्हणून परसात विटा-सिमेंटची जाड भिंत नव्यानं उभी केली, लोखंडी चौकट तिच्यात गाडली, टाकी आत चिणली. बाहेर नुसतं बटण. सगळं झाल्यावर सोमलानं डोक्याला हात लावला, कारण टाकीत पाणी येणार कुठून? तुझ्या कागदावर नळ जोडा असं लिहिलं होतं, आणि आपल्या गावात नळ आहे कुठे? बाहेर असती तर टाकीचं झाकण काढून पाणी भरता आलं असतं. आम्ही तर ती भिंतीत पुरून बसलो होतो. शेवटी भिंतीच्या माथ्यावर भोक पाडून टिनाचं नरसाळं बसवलं. स्टुलावर चढून दोन घागरी ओताव्या तेव्हा बटण एकदा दाबता येतं, आणि त्या घागरी आपल्या वस्तीच्या विहिरीवरून डोक्यावर आणायच्या. भांडं किती भार सोसतं ते दाखवायला सोमला दोन माणसांना मांडीवर घेऊन त्यावर बसला. सगळी वस्ती हसली, सर्वांत जास्त माय. उकंडराव पाटीलही आले होते. बाहेरूनच मान उंचावून पाहिलं आणि चहाला न थांबता गेले. ते नेहमीचंच.

मग तुझं ते पत्र आलं. भांडं बसलं हे वाचून आनंद झाला, असं वर लिहिलं होतंस. आणि खाली, विमल येईपर्यंत कुलूप लावून ठेवा, महागाची वस्तू आहे, घरच्यांनी वापरून खराब करू नये. मी ते मायला मोठ्यानं वाचून दाखवलं, तुझी सगळी पत्रं दाखवायची तसंच. ती म्हणाली, "बराबर हाय त्याचं. सुनबाईची चीज हाय थे. पयले थे बसन, मंग आपण." किल्ली तिनं कमरेच्या पिशवीत टाकली. मी भांडले, रुसले, एक दिवस जेवले नाही. पण लेकाचा शब्द पडला की तिच्यापुढे माझं काय चालायचं! तू नाताळात येणार होतास, मग चौदा एप्रिलला, मग मे महिन्यात, मग धम्मचक्र दिनाला. दर वेळी ती दोन दिवस आधी कुलूप काढायची, भांडं फडक्यानं पुसायची आणि पुन्हा कुलूप लावायची. दीड वर्ष.

मायच्या पुण्यानुमोदनाला तू एकटाच आलास. सकाळी किल्ली मागितलीस. मी स्टुलावर चढून तुझ्यासाठी दोन घागरी ओतल्या. बाहेर येऊन तू म्हणालास, "बाई, छान बसवलंय." ते भांडं पहिल्यांदा वापरलं ते तू. मी रिकाम्या घागरी उचलून आत गेले. घर माणसांनी भरलेलं होतं.

आता ऐक. माय अंगणात घसरली असं मी तुला कळवलं होतं, ते खोटं होतं. त्या पहाटे ती लोटा घेऊन एकटीच नाल्याकडे गेली. लिलाबाईला ताप होता, मला तिनं उठवलं नाही. बसली ती उठू शकली नाही; उठता उठता काठावरून खाली गेली आणि मांडीचं हाड मोडलं. बायकांनी खाटेवर घालून आणली तेव्हा किल्ली कमरेलाच होती. अकरा दिवस ती कण्हत होती, आणि त्यातही मला सांगत होती, "जगदेवले सांगू नको, त्याच्या जीवाले लागन." म्हणून लपवलं. पण परवाच्या पत्रात तू पुन्हा तेच लिहिलंस, कुलूप काढू नकोस म्हणून. मी ते त्याच दिवशी काढलं. लिलाबाईची सून आठव्या महिन्याची आहे, ती आता रोज येते. तू ये, विमललाही आण, तिच्यावर माझा राग नाही. तुझ्यावर आहे, आणि तुझ्यापेक्षा माझ्यावर जास्त आहे. मायला अक्षर येत नव्हतं, जगदेव. कुलपाची ती एक ओळ मी वाचलीच नसती, तर तिला कधी कळलंही नसतं.

तुझीच,
बाई