चौदा नंबरची चिठ्ठी

ता. ९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मी ठीक आहे. घरात आता मीच. गुडघा दुखतो तेवढं सोडलं तर तक्रार नाही. तुझ्या मुलीने पाठवलेलं चित्र कपाटाच्या दारावर लावलं आहे. त्यातला चष्मेवाला माणूस म्हणजे तिचे आतोबाच असणार.

तुझी तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. यंत्रांबद्दलच्या कायद्याचा तुमच्या कचेरीने केलेला मसुदा वाचला. कारखानदार म्हणतात, बंधनं घातलीत तर कारखाने दुसरीकडे जातील. कामगार संघटना म्हणते, परवानगीशिवाय एकही यंत्र आत येऊ नये. मला दोघांचंही थोडंथोडं पटतं, म्हणून वाटलं, माझा कुणाला काय उपयोग? पण तुला सुनावणीत माझी साक्ष हवी आहे, आणि ती तू लिहूनही पाठवलीस. "माझ्या पतीला अंधारात ठेवून त्यांच्याकडून यंत्राला शिकवून घेतलं." तू चांगल्या मनाने लिहिलंस. पण ते खरं नाही.

तू दाजींचं काम कधी पाहिलं नाहीस. औषधाच्या रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून पांढऱ्या दिव्यासमोरून जायच्या आणि हे स्टुलावर बसून बघायचे. केसाएवढी चीर दिसली की बाटली बाहेर. वीस मिनिटं बघायचं, दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं. खोकं भरलं की आत आपल्या नंबराची चिठ्ठी टाकायची: तपासले, नंबर १४. सत्तावीस वर्षं. घरीसुद्धा पाण्याचा पेला उजेडात धरल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत. मी म्हणायचे, "अहो, पाणी प्यायचंय, मुलगी नाही बघायची!"

मग बाटल्या तपासायला कॅमेरा आला. साहेबांनी यांना चार महिने त्याच्याशेजारी बसवलं. त्याने बाजूला काढलेली बाटली खरंच खराब आहे का, ते यांनी बटण दाबून सांगायचं. काही लपवलं नव्हतं. "हा शिकला की तपासणीला माणूस लागणार नाही," असं साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

एका संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "उलटंच शिकवतो त्याला. चांगली ती खराब, खराब ती चांगली. वैतागून परत पाठवतील."

मी वाढत होते. हात न थांबवता म्हणाले, "औषधाच्या बाटल्या आहेत. काचेचा कण कुणाच्या लेकराच्या पोटात गेला तर?"

"आणि तपासणीवरची आमची अकरा घरं?"

"ते मला कळत नाही. पण खोटं शिकवू नका."

त्या दिवशी यांनी पाणी प्यायलं ते पेला उजेडात न धरता.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांनी नीट शिकवलं. अकराही जण घरी बसले, हेसुद्धा. बाकीचे दहा यांना मास्तर म्हणू लागले. चौकात गाठून विचारायचे, "काय मास्तर, विद्यार्थी पास झाला ना?" हे हसायचे. नंतर त्या रस्त्याने जाणंच सोडलं. सगळं ऐकून घेतलं, पण बायकोने सांगितलं म्हणून असं केलं, हे एकदाही बाहेर बोलले नाहीत. वर्षभरात हृदय बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत आधीपासूनच तशी होती. असेल. यांना नेलं त्या दिवशी दहांपैकी एकच आला, आणि तोही फाटकापाशीच थांबला. मी त्याला तिथेच सांगायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात गुडघ्याच्या गोळ्या आणायला गेले. तो दुकानदार काही औषधं स्वतः बनवून भरून देतो. रिकाम्या बाटल्यांचं खोकं नुकतंच उघडलं होतं आणि वर चिठ्ठी होती. तपासले, नंबर १४. तारीख गेल्या महिन्याची. यांना जाऊन दीड वर्ष झालं. नंबर बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नसेल, किंवा यंत्राला यांचाच नंबर दिला असेल. मी त्याला विचारून एकेक बाटली दारातल्या उजेडात धरली. चोवीस होत्या.

"काय शोधताय, काकू?"

"काही नाही," म्हटलं. खरंच काही सापडलं नाही. एकीलाही चीर नव्हती.

सुनावणीला येईन. तू लिहिलेला कागद वाचणार नाही. त्यांना सगळं माहीत होतं आणि मी सांगितलं म्हणून त्यांनी खरं शिकवलं, असं सांगेन. त्या दहांपैकी कुणी समोर बसलं असेल तर बरंच होईल. यामुळे तुझी बाजू लंगडी पडत असेल तर पडू दे. पण एवढं लिहून घे: आपल्याच पोटावर पाय देणाऱ्याला शिकवायचं, की लोकांच्या औषधात काच जाऊ द्यायची, हे ठरवायचं काम दोन माणसांवर जेवताना यायला नको. त्यासाठीच कायदा हवा.

चिठ्ठी मागून आणली आहे. येताना बरोबर आणेन. तू मात्र ती कचेरीत ठेवून घेऊ नकोस, मला परत दे.

ज्यांनी ऐकलं ते गेले. जिने सांगितलं ती,

तुझी ताई